'दा'चा 'रा' होतो तिथवर

दिवस पहिला : पठाणकोट ते चंबा

झेलम एक्स्प्रेसमध्ये दोन रात्री काढून आम्ही मावशी-भाची पठाणकोट छावणी स्थानकावर उतरलो तेव्हा सप्टेंबर सरत आला होता. भाची डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकते. मी शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे. माझे आजोबा माणदेशातले धनगर. दिवाळी झाली की मेंढरं हाकत कोकणात उतरायचे, पावसाच्या तोंडावर परत घाट चढायचे. त्यामुळे हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांबद्दल जिथे काही दिसेल ते मी वाचत आले. त्यातच एकदा त्यांची ही म्हण सापडली :

'उजड़ेया लाहौर, बसेया भरमौर.'

लाहोर उजाड झालं आणि भरमौर वसलं. धौलाधार डोंगररांगेच्या पलीकडे, रावी नदीच्या वरच्या खोऱ्यात राहणारे हे लोक आपलं मूळ थेट पंजाबच्या मैदानात सांगतात. मग त्यांची बोली पंजाबीच का? की डोंगरात राहून राहून पहाडी झाली? वाचून समाधान होईना. कानांनी ऐकावं म्हणून निघालो.

बस सुटायच्या आधी भाचीनं मला एक खूण शिकवली. "मावशी, सगळे शब्द कळायची गरज नाही. आपल्या 'चा-ची-चे'च्या जागी काय येतं तेवढंच ऐक. पंजाबीत 'दा' येईल, चंब्याच्या बोलीत 'रा'. चंब्याचं चौगान पंजाबीत 'चंबे दा', चंब्यात 'चंबे रा'."

पठाणकोटच्या बसस्टँडवर 'दा'चाच बाजार होता. कंडक्टर, चहावाला, शेंगदाणेवाला, सगळे 'दा-दे-दी'. दुनेरा मागे पडलं, चढ सुरू झाला, चिलाच्या झाडांचा वास खिडकीतून यायला लागला तरी 'दा' काही सुटेना. बनीखेतला पुढच्या बाकावर दोन बायका येऊन बसल्या, डोक्याला रुमाल, मांडीवर भाजीच्या पिशव्या. त्यांच्या गप्पांमधलं मला निम्मंही कळत नव्हतं, पण 'रा' आला आणि मी भाचीचा हात दाबला. पुढे 'मिंजो' आला, म्हणजे 'मला'. पंजाबी माणूस तिथे 'मैंनू' म्हणतो. मग कंडक्टर तिकीट द्यायला आला तर त्याच बायका त्याच्याशी 'दा' बोलायला लागल्या. तो पुढे गेला, परत 'रा'.

बसायला जागा कुठे, भाडं किती, अशा साध्या गप्पांत त्यांनी भाषेची वेस चार वेळा ओलांडली असेल. त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

दिवस दुसरा : चंबा

सकाळी आधी चौगान पाहिलं. गावाच्या मधोमध एवढं मोठं हिरवं मैदान, खाली रावीचा खळाळ. मग भूरीसिंग संग्रहालय. १९०८ साली राजा भूरीसिंगांच्या काळात ते उभं राहिलं आणि चंबा संस्थानाचे जुने लेख वाचून काढणारे पुरातत्त्वज्ञ फोगेल यांचा त्याच्या उभारणीत मोठा हात होता. लघुचित्रं आणि चंब्याचे भरतकामाचे रुमाल पाहायला लोक येतात, ते आहेतच सुंदर. आम्ही दोघी मात्र ताम्रपटांपाशी आणि टाकरीतल्या कागदांपाशी अडकलो.

टाकरी ही इथली जुनी लिपी, शारदा लिपीच्या घराण्यातली. राजाचा हुकूम, सावकाराची वही, जमिनीचा वाद, सगळं टाकरीत. अक्षरं झरझर, जागा वाचवत लिहिलेली. मला आमच्या घरातले मोडीतले कागद आठवले. वडील गेल्यावर ट्रंकेतून निघाले आणि घरातल्या एकालाही वाचता येईनात, तालुक्याच्या गावी एका आजोबांकडे न्यावे लागले. टाकरीचंही तेच झालं. शाळेत नागरी आणि उर्दू आली, टाकरी मागे पडली. दोन्ही लिप्यांना युनिकोडमध्ये जागा मिळाली ती अगदी अलीकडे, टाकरीला २०१२ साली आणि मोडीला २०१४ साली. काचेपलीकडच्या त्या कागदासमोर मी बराच वेळ उभी होते. एक अक्षर लागेना.

दुपारी राजमाचं मदरा, भात आणि चंब्याचं चुख खाल्लं. चुख म्हणजे मिरची-लिंबाचा झणझणीत ठेचाच म्हणा ना, फक्त जास्त आंबट आणि मुरलेला. जेवताना भाचीनं वर्गवारीचा सगळा घोळ समजावून सांगितला.

ग्रियर्सन यांनी हिंदुस्थानच्या भाषांचं जे प्रचंड सर्वेक्षण केलं, त्याच्या नवव्या खंडाचे दोन भाग १९१६ साली आले. एका भागात पंजाबी. तिच्याखाली जम्मूकडची डोगरी आणि डोगरीच्या पोटात कांगड्याची बोली, कांगडी. दुसऱ्या भागात पहाडी भाषा. तिथे पश्चिम पहाडीत चंब्याची चमियाळी आणि तिच्या शेजारी भरमौरची गद्दी बोली. म्हणजे धौलाधारच्या अलीकडे कांगडी ती पंजाबी आणि पलीकडे गद्दी ती पहाडी, मधे फक्त डोंगर. पुढे डोगरी स्वतंत्र भाषा मानली गेली आणि २००३च्या ९२व्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत बसली. कांगडी आणि गद्दी या दोघींना जनगणनेनं हिंदीच्या छपराखाली घेतलं. २०११च्या जनगणनेत 'भरमौरी/गद्दी' हीच आमची भाषा, असं सांगणारे १ लाख ८१ हजारांच्या आसपास निघाले, तेही हिंदीच्या बेरजेत.

"म्हणजे शंभर वर्षांत कांगडी पंजाबीतून हिंदीत गेली?" मी विचारलं.

"कागदावर गेली," भाची म्हणाली. "बोलणारे आहेत तिथेच आहेत."

दिवस तिसरा : चंबा ते भरमौर

अंतर पासष्टेक किलोमीटर, पण दिवस गेला. रस्ता रावीच्या काठाकाठानं कड्यात कोरलेला. लाहलच्या अलीकडे दरड आली होती. यंत्र दगड ढकलत होतं, दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, आणि लोक खाली उतरून निवांत गप्पा मारत बसलेले. इथे कुणी चिडत नाही.

आमच्या शेजारी फौजेतून निवृत्त झालेले एक गद्दी गृहस्थ होते. आम्ही कशासाठी आलोय ते ऐकून त्यांनी एक दगड उचलला आणि रस्त्यावरच्या धुळीत रेघ ओढली. "ही धौलाधार. रेघेच्या वर गधेरन, आमचा मुलूख. खाली जांधर." जांधर म्हणजे कांगड्याची बाजू, जिथे हिवाळ्यात मेंढ्या उतरतात. जुन्या जालंधर राज्याचं नाव त्या शब्दात राहून गेलंय. "अर्धं वर्ष वर, अर्धं वर्ष खाली. घर दोन्हीकडे. वर मक्याचं शेत, खाली भाताचं. आमच्या मुलांना कुणी विचारलं, गाव कुठलं, तर काय सांगतील?"

माझे आजोबाही असंच सांगायचे, की आमचा मुलूख म्हणजे वाट. आमची मेंढरं पाऊस चुकवायला चालतात, यांची बर्फ चुकवायला.

मग मी त्यांना म्हणीचं विचारलं. ते हसले आणि खाली रावीकडे बोट केलं. "ही कुठे जाते माहितेय ना?"

खरंच की. चंब्यातून खाली उतरलेली हीच रावी पंजाबात जाते आणि लाहोरला भिडते. नकाशावर हजारदा पाहिलेलं, पण त्या कड्यावर उभं राहून पाण्याकडे बघताना पहिल्यांदा अंगावर आलं. लाहोर आणि भरमौर ही दोन नावं म्हणीत यमकासाठी जुळलेली नाहीत, त्यांना एका नदीनं बांधलंय. खालून पळून येणाऱ्या माणसाला वाट विचारावी लागणार नव्हती. पाण्याच्या उलट चालत राहायचं.

खड़ामुख इथे बुढील नाला रावीला मिळतो. तिथून रावी सोडून आम्ही बुढीलच्या खोऱ्यात चढलो. भरमौरला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. उंची सुमारे २१०० मीटर, हवेत गारठा, आणि अंगणाअंगणात लाल राजमा वाळत घातलेला.

दिवस चौथा : चौरासी

भरमौर म्हणजे जुनं ब्रह्मपूर. चंब्याच्या राजांची ही पहिली राजधानी. साहिल वर्म्यानं साधारण ९२०च्या सुमारास ती खाली चंब्याला नेली. पण देव इथेच राहिले. चौरासी म्हणजे मोठं फरसबंद पटांगण, जुने देवदार आणि लहानमोठी देवळं. चौऱ्याऐंशी सिद्ध इथे येऊन राहिले म्हणून नाव चौरासी. मधोमध मणिमहेशाचं दगडी शिखर, समोर पितळेचा पूर्ण आकाराचा नंदी. पोरं त्याच्या अंगाखांद्यावर हात टाकून फोटो काढत होती.

मला ओढ होती लक्षणादेवीच्या लाकडी देवळाची. बाहेरून साधं, उतरत्या छपराचं घर वाटतं. दाराशी गेलं की पाय थांबतात. देवदाराच्या चौकटीवर पट्ट्यांमागून पट्ट्या कोरलेल्या, ऊनपावसानं लाकडाच्या रेषा वर आल्यात आणि आकृत्यांचे चेहरे झिजून गुळगुळीत झालेत. आत पितळेची महिषासुरमर्दिनी. बैठकीवरचा संस्कृत लेख साधारण सातव्या शतकातला. राजा मेरुवर्मा यानं मूर्ती करवली असं त्यात आहे, आणि ती घडवणाऱ्या कारागिराचंही नाव आहे : गुग्गा. राजाच्या बरोबरीनं कारागिराचं नाव तेराशे वर्षं टिकलंय. मी हात जोडले ते देवीला आणि गुग्गालाही.

पटांगणाच्या कडेला उन्हात एक म्हातारे बसले होते. अंगात पांढरा लोकरी चोळा, कमरेला काळ्या लोकरीचा डोरा. सगळे त्यांना बाबाजी म्हणत होते, आम्हीही म्हटलं. हिंदीत सुरुवात झाली, पण नातवाला हाक मारताना ते आपल्या बोलीत गेले आणि भाचीनं कान टवकारले. 'श' यायला हवा तिथे घशातून घासत येणारा आवाज. उर्दूतल्या 'ख़बर'मधला 'ख़' असतो ना, तसा. "हेच ते!" ती कुजबुजली. गद्दी बोलीची ही लकब ग्रियर्सन यांनीही नोंदवलीय. पंजाबीत ती नाही.

बाबाजींनी म्हणीची गोष्ट सांगितली ती अशी. लाहोरात जुलूम माजला, बादशहा औरंगजेबाचा काळ. तिथले खत्री बायकापोरं घेऊन नदीच्या काठानं वर आले. इथे शिवानं त्यांना आसरा दिला, चोळा दिला, डोरा दिला, मेंढ्या दिल्या. तेव्हापासून ते गद्दी. "खत्री ना आम्ही," ते म्हणाले. "बामणांची गोष्ट वेगळी, राजपुतांची वेगळी. ते आधीच आले, राजा अजिया वर्म्याच्या वेळी."

इथे मला धागा सापडल्यासारखा झाला. गद्दी हे एका कुळाचं नाव नव्हेच. ब्राह्मण, राजपूत, खत्री, ठाकूर, राठी अशा कितीतरी थरांची माणसं या खोऱ्यात एकत्र आली. प्रत्येक घराण्याची 'अल' वेगळी. अल म्हणजे आपल्या आडनावासारखीच, एखाद्या पूर्वजाच्या सवयीवरून नाहीतर धंद्यावरून पडलेली. त्यांतल्या काहींची गोष्ट लाहोरची आहे, आणि ती यमकात बसली म्हणून सगळ्यांची झाली.

औरंगजेबाच्या आधी हजारएक वर्षं इथे गुग्गा पितळ ओतत होता. त्या देवळाला नवस बोलणारी, त्या राजाला मेंढ्यांचा कर भरणारी माणसं तेव्हा असणारच. पतंजलीच्या महाभाष्यात आर्यावर्ताबाहेरच्या लोकांमध्ये 'गब्दिक' हे नाव येतं आणि काही अभ्यासक ते गद्दींशी जोडतात. कुणी गद्दी शब्द मेंढीच्या 'गाडर' या नावाशी जोडतं, कुणी शिवाच्या गादीशी. मला नावांच्या फोडीपेक्षा व्याकरण जास्त विश्वासाचं वाटतं. माणसं उसने शब्द पटकन घेतात. 'चा' आणि 'ला' सहसा बदलत नाहीत. लाहोरहून जे कुणी आले असतील, त्यांच्या पोरांनी इथल्या पोरांबरोबर खेळता खेळता 'दा' सोडून 'रा' उचलला असणार. म्हणजे 'रा' बोलणारे त्यांच्या आधीपासून इथे होते.

पण म्हणून बाबाजींची गोष्ट खोटी, असं मी म्हणणार नाही. लाहोर काही एकदाच उजाड झालं नाही. गझनीच्या महमूदापासून किती वेळा झालं. दर वेळी कुणी ना कुणी या नदीच्या काठानं वर चढलंच असेल. जीव वाचवून आलेल्या माणसांनी आपली आठवण एका ओळीत बांधून ठेवली, आणि जे कधी लाहोरात नव्हतेच त्यांनीही ती आपली मानली. गाव असंच एक होतं.

सगळं काही एक झालं मात्र नाही. संध्याकाळी आम्ही उतरलो होतो तिथे भाकरी करणाऱ्या बाईंशी बोलत होते. त्या हाली समाजाच्या. "बोली आमची हीच, देव हाच, नुआळ्यात आम्ही पण बसतो," त्या म्हणाल्या. "पण सरकारी कागदावर आम्ही गद्दी नाही." हाली, रिहाड़े हे याच खोऱ्यातले, हीच भाषा बोलणारे, पण कागदावर त्यांची नोंद वेगळी. शिवाची रात्रभर पूजा आणि गाणी म्हणजे नुआळा, तो सगळ्यांचा. नाव मात्र काहींचंच. बाई तव्यावरची मक्याची भाकरी उलटत शांतपणे हे सांगत होत्या आणि मला काय बोलावं ते सुचेना.

दिवस पाचवा : कुगतीची वाट

पहाटे जीपनं हडसर. मणिमहेशाच्या यात्रेची चढण इथूनच सुरू होते. जन्माष्टमी ते राधाष्टमी इथे पाय ठेवायला जागा नसते, आता सामसूम होती. आम्ही दुसऱ्या फाट्यानं कुगतीकडे वळलो, आणि रस्ता संपला तिथून पायी.

कुगती हे या खोऱ्यातलं शेवटचं गाव. त्याच्या पलीकडे ५००० मीटरच्या वरची कुगती जोत आणि तिच्यापलीकडे लाहौलचं खोरं. जोत म्हणजे खिंड. उन्हाळ्यात मेंढ्या लाहौलच्या कुरणांत असतात, बर्फ पडायच्या आत परत येतात. आम्हाला तेच गाठायचं होतं.

आधी वास आला. मेंढरांचा, ओल्या लोकरीचा, माझ्या आजोबांच्या घोंगडीचा वास. मग वळणावरून पांढरा-काळा लोंढा आला. पुढे शेळ्या, मागे मेंढ्या, कडेला गळ्यात पट्टा घातलेली दोन दांडगी केसाळ कुत्री. आम्ही कड्याला पाठ लावून उभ्या राहिलो. पाच मिनिटं नुसते खूर आणि खोकल्यासारखं बें-बें.

सगळ्यात शेवटी पुहाल आला. पुहाल म्हणजे मेंढपाळ. साठीचा असेल, चालता चालता हातातल्या टकळीवर लोकर कातत होता. नजर कळपावर, बोटं आपलं काम करतायत. आमच्यापाशी थांबला तेव्हा त्याच्या छातीशी काहीतरी हललं. चोळा डोऱ्यानं कमरेला आवळून बांधलेला असतो, त्यामुळे वरच्या भागाची मोठी झोळी होते. त्या झोळीतून एक ओलसर काळं नाक बाहेर आलं, मग एक कान. कालच जन्मलेलं करडू.

"छेळू," तो म्हणाला.

मी जागच्या जागी उभी. 'ळ'! स्वच्छ, भरलेला, जीभ वळवून म्हटलेला 'ळ'. हिंदीच्या मुलखात तीन दिवस फिरून मी त्याला पारखी झाले होते. भाचीला हसू आवरेना. तिनं मग सांगितलं की बोलल्या जाणाऱ्या पंजाबीतही 'ळ' आहे आणि पश्चिम पहाडीतही, प्रमाण हिंदीत तेवढा नाही. आणि छेळू काय, आपली शेळी काय, दोन्हीचं मूळ संस्कृत 'छगल'. एकमेकांपासून इतक्या लांबच्या दोन मेंढपाळ मुलखांत शेळीचं नाव एकाच आजीचं.

आम्ही तासभर त्याच्यासोबत दगडावर बसलो. त्यानं डोरा सोडून दाखवला. काळ्या लोकरीची बोटभर जाडीची दोरी, वेढ्यामागून वेढे निघत राहिले, ढीग झाला पायाशी. ती पाठीला आधार देते, थंडीत पोट गरम ठेवते, मेंढी दरीत अडकली तर सोडून दोर म्हणून वापरता येते. परत बांधताना त्यानं एक टोक दगडाखाली दाबलं आणि स्वतः गोल गोल फिरत ती अंगावर चढवली. आजोबांनी पागोटं बांधताना दुसरं टोक माझ्या हातात दिलेलं असायचं, ते आठवलं.

कळपाला तो 'धण' म्हणत होता. धनगर या शब्दाची फोड आमच्याकडेही काही जण 'धन'वरून करतात. मी त्याला सांगितलं, आमच्या जातीचं नावच धनवरून. त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग मला हिंदीत म्हणाला, "मग तू पाहुणी कसली?"

भाचीनं त्याला आकडे मोजायला लावले. तीनला तो 'त्रै' म्हणाला. पंजाबीत 'तिन्न', आपल्याकडे 'तीन', संस्कृतातल्या 'त्रि'मधला 'र' दोघांनीही गाळला. याच्या तोंडी तो अजून आहे. कांगडी-डोगरीतही 'त्रै'च, म्हणजे कागदावर पंजाबीत गेलेल्या त्या बोलीतही पहाडाची ही खूण शाबूत आहे.

"खाली कधी उतरणार?"

"दसरा झाला की. जालसूनं."

जालसू जोत उतरली की पालमपूर-बैजनाथची बाजू. तिथून पुढे अजून खाली, शिवालिकच्या झाडोऱ्यात. जुनी ठरलेली चराऊ रानं आहेत, पण आता काही ठिकाणी कुंपणं पडलीत, काही ठिकाणी रोपवनं. मुलगा चंदीगडला नोकरीला आहे. त्यानं मेंढ्या विकायला सांगितलंय. "तो फोनवर हिंदी बोलतो," पुहाल म्हणाला आणि करडू झोळीत नीट सरकवून उठला.

दिवस सहावा

दिवसभर गाडीत. पुहालाला धौलाधार ओलांडायला मोजके दिवस लागतात, आम्हाला चंबा, बनीखेत, नूरपूर असा अख्खा डोंगर वळसा घालून यावं लागलं. नूरपूरच्या चहाच्या टपरीवर 'दा' परत आला. रात्री धर्मशाळा.

दिवस सातवा : नड्डी

नड्डी हे धर्मशाळेच्या वरचं गद्दी गाव. आता हॉटेलं झालीत, गल्लीगल्लीत टॅक्सी उभ्या आणि गद्दी पोरंच त्या चालवतात. पण मधूनच स्लेटच्या छपराचं, मातीनं सारवलेलं जुनं घर दिसतं. समोर धौलाधारची भिंत. तीन दिवसांपूर्वी आम्ही तिच्या मागे होतो.

या भिंतीचा सरकारी अर्थही आहे. कांगडा १ नोव्हेंबर १९६६ पर्यंत पंजाब राज्यात होता, चंबा १९४८ पासूनच हिमाचलात. त्यामुळे भरमौरचा गद्दी अनुसूचित जमातीत आणि त्याचाच जांधरमधला भाऊ मात्र नाही, असं कितीतरी वर्षं चाललं. २००२च्या कायद्यानं ती अट काढली आणि कांगड्याच्या गद्दींना तो दर्जा मिळाला. ज्यांचं घर दोन्हीकडे, त्यांना रेघेच्या कुठल्या बाजूला उभं करायचं, याला सरकारला साडेतीन दशकं लागली.

एका घरासमोर आजी नातीला घेऊन बसल्या होत्या. भाचीनं नमस्कार केला, आम्ही टेकलो. आजींचं माहेर डोंगरापलीकडचं कुआर्सी. लग्न झालं तेव्हा इंद्रहार जोत चालत ओलांडून आल्या. ४३०० मीटरहून उंच. "नवरा पुढे, मी मागे, पाठीवर माहेरची चादर," त्यांनी सांगितलं. मधे एका गुहेत रात्र काढली. माहेरी परत किती वेळा गेलात, असं मी विचारलं तर त्यांनी बोटं मोजली आणि एका हातातच थांबल्या.

नात पाचवीत. आजी तिच्याशी 'रा' बोलत होत्या, ती उत्तर 'दा'मध्ये देत होती आणि आमच्याशी हिंदीत. शाळेत, बाजारात, मैत्रिणींत कांगडी चालते. गद्दी तिला सगळी कळते, पण तोंडून येत नाही. "लाज वाटते का?" मी विचारलं. तिनं मान हलवली, नाही. मग थोड्या वेळानं म्हणाली, "चुकलं तर आजी हसते." आजी तेव्हाही हसल्याच.

भाचीनं नातीच्या वहीत आजींचे शब्द लिहून घ्यायचा खेळ सुरू केला. आजी सांगायच्या, नात नागरीत लिहायची. पुहाल. धण. डोरा. लुआंचड़ी, म्हणजे बायकांचा घेरदार झगा. आजींनी आतून स्वतःची आणून दाखवली, लग्नातली, घडीवर विरलेली. मग छेळू आला आणि नातीनं 'छेलू' लिहिलं.

भाचीनं तो मोठ्यानं वाचला. आजींनी मान हलवली. "छेलू नाही. छेळू."

पुन्हा वाचला. "छेळू," आजी थोड्या चढ्या आवाजात म्हणाल्या, ऐकू येत नसलेल्या माणसाला सांगावं तशा.

नात गोंधळली. तिला फरक ऐकू येत होता, पण बाराखडीत त्यासाठी काही नव्हतं. "तसं लिहिताच येत नाही," ती म्हणाली.

मी तिच्या हातून पेन्सिल घेतली आणि वहीच्या समासात मोठा 'ळ' काढला. तिनं हे अक्षर कधी पाहिलं नव्हतं. कुठलं आहे, विचारलं. म्हटलं, आमच्याकडचं, आणि तुमच्याकडचंही. तिनं वही फिरवून दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग आधीचा 'ल' खोडला, त्याच्यावर 'ळू' लिहिलं आणि आजीला वाचून दाखवलं. आजी काही बोलल्या नाहीत, लुआंचड़ीची घडी घालत राहिल्या.

आम्ही उठलो तेव्हा ती खाली मान घालून एका ओळीत 'ळ' गिरवत होती. चार झाले होते, पाचवा चालू होता.